अधिक दहा

मधल्या स्पीकरपुढे 'अधिक दहा' असा आकडा होता आणि तो गोरक्षने ठेवलेला नव्हता. शनिवारची सकाळ, सातपूरच्या कारखान्यांची सुट्टी, आणि तो हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून टीव्हीचा आवाज पाच स्पीकरांत वाटणाऱ्या जुन्या रिसीव्हरची सेटिंग एकेक करून उतरवून घेत होता. उघडण्याआधी लिहून घ्यायचं हा त्याचा एकतीस वर्षांचा नियम. मग ते कारखान्यातलं मशीन असो की घरातली गॅसची शेगडी. वायरींना चिकटपट्टीचे तुकडे लावून झाले होते, त्यांवर बॉलपेनने डावा, उजवा, मधला, मागचे दोन असं लिहून झालं होतं, मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटोही काढून झाला होता. डावा शून्य. उजवा शून्य. मागचे दोन अधिक एक. आणि मधला, ज्यातून माणसांचं बोलणं येतं तो, अधिक दहा. त्याच्यापुढे त्या मशीनला जागाच नव्हती. पट्टी शेवटाला जाऊन टेकली होती. सोळा वर्षांपूर्वी त्याने स्वतः फुटपट्टीने अंतरं मोजून, डोळे मिटून, कान लावून तो आकडा शून्यावर ठेवला होता. ज्याने आवाज बनवला त्याने बनवला तसाच तो ऐकायचा, त्यात आपली अक्कल पाजळायची नाही, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा गार होईपर्यंत सांगत आला होता. आणि इथे त्याच्या पाठीमागे कुणीतरी दहा पायऱ्या चढून बसलं होतं.

त्याने वहीत अधिक दहा लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ते प्रश्नचिन्ह उगाच दोनदा गिरवलं. कुणी केलं असेल? जावई दिवाळीला येऊन गेला होता; त्याचे हात स्वस्थ नसतात. पण जावयाला हे मशीन सुरूसुद्धा करता येत नाही. मुलगी तेजल पुण्याला, वर्षातून चार दिवस येते ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइल बघते. उरली उज्वला. उज्वलावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण तिला या विषयातलं काही कळत नाही अशी त्याची खात्री होती. रिमोटवरचं कुठलं बटण कशाला, हे त्याने तिला एका शनिवारी तासभर समजावलं होतं आणि ती शेंगा सोलत 'हं, हं' करत होती. मग मशीननेच केलं असणार. जुनं झालं, डोकं फिरलं. नवीन घ्यायचं ते बरोबरच झालं, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि हे म्हणताना आपण गेला महिनाभर उलटं म्हणत होतो हे त्याने सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. कारण नवीन त्याला नकोच होतं. उज्वलाच मागे लागली होती. बाई कधी साडीसाठी हट्ट धरत नाही, आणि रिसीव्हरसाठी तिने तेजलला फोन करून करून भंडावलं. नव्या टीव्हीला जुना डबा शोभत नाही, म्हणाली. तेजलने पाठवून दिला. काळा, चकचकीत, अर्ध्या वजनाचा. कानामागून आली आणि तिखट झाली, असं गोरक्ष त्याच्याकडे बघून म्हणाला होता, आणि खोकं आठ दिवस तसंच पडू दिलं होतं.

कानाचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता. सायखेड्याच्या बाजारात त्याची आई लंकाबाई माठ घ्यायला बसायची, तेव्हा ती बोटाच्या पेराने माठ वाजवायची आणि मग सात-आठ वर्षांच्या गोरक्षला म्हणायची, "तू सांग रे, कोणचा घेऊ?" तो सांगायचा तो माठ तीन उन्हाळे टिकायचा. कुंभार वैतागायचा. तेच पेर पुढे सातपूरला त्याचं पोट भरत गेलं. ग्राइंडिंगचं नवं व्हील, म्हणजे लोखंड घासायचं दगडी चाक, आलं की ते मशीनवर चढवण्याआधी वाजवून बघावं लागतं: भोकात बोट घालून लटकतं धरायचं, लाकडी मुठीने कडेजवळ हलकेच टोला द्यायचा, थोडं फिरवून पुन्हा द्यायचा. धड असेल तर टण्ण असा लांबट नाद येतो. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर नाद मरतो, ओल्या लाकडासारखं वाजतं. चिरलेलं व्हील मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरायला लागलं की फुटतं. एकदा दुसऱ्या एका शेडमध्ये घाईघाईत न वाजवताच चढवलेलं व्हील फुटलं होतं. तुकडा वरचा पत्रा फोडून गेला आणि जाताना एका माणसाचा जबडा घेऊन गेला. गोरक्ष तेव्हा तरुण होता, त्याने त्या माणसाला नंतर दवाखान्यात पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या शेडमध्ये रीत पडली: गोरक्षने वाजवल्याशिवाय व्हील चढवायचं नाही. पास झालेल्या व्हीलच्या कागदी बिल्ल्यावर तो खडूने अर्धा चंद्र काढायचा. मालक बदलले, शेडचा रंग बदलला, पण अर्धा चंद्र दिसला की माणसं डोळे झाकून बटण दाबत. गेली दोन-तीन वर्षं मात्र व्हीलं पूर्वीसारखी वाजत नाहीत अशी त्याची तक्रार होती. टण्ण राहिला नाही, सगळ्यांचाच नाद बसका. बनवणारे माल मारतात, दुसरं काय. मग बसक्यातला बसका आणि बसक्यातला बरा असा निवाडा तो करत आला, आणि अनुभवी माणसाला तेवढं कळतं असं समजून अर्धा चंद्र काढत आला.

नवीन रिसीव्हर जोडायला दीड तास लागला. वायर सोलणं, तांब्याचे तंतू पिळून भोकात घालणं, लाल ते लाल, काळं ते काळं. हात सवयीने चालले आणि मधूनच तो आकडा डोळ्यांपुढे येत राहिला. मग सोबत आलेला छोटा माइक. तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, म्हणजे मशीन प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतं, माइक ऐकतो आणि सगळं आपोआप जुळवून घेतं. गोरक्षला हे फारसं पटत नव्हतं. आपण ऐकायचं सोडून बोंडाएवढ्या यंत्राने ऐकायचं! पण त्याने सोफ्यावर दोन डबे रचले, त्यावर माइक ठेवला, पंखा बंद केला, उज्वलाला कुकर उतरवायला सांगितला आणि स्वतः भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभा राहिला. डावीकडून खरखर आली. मग टिकटिक. मग मधला. मग त्याला वाटलं, मधेच आवाज थांबला. बराच वेळ काहीच नाही. खिडकीच्या जाळीवर बसलेलं कबूतर एकदम दचकून उडालं. ते कशाला उडालं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि तो त्याने तिथेच सोडून दिला. पडद्यावर आलं: पाचही स्पीकर व्यवस्थित. मधला, शून्य. बघा, तो म्हणाला, मी सोळा वर्षांपूर्वी कानाने ठेवलं होतं तेच आलं की नाही. त्याला खरोखर आनंद झाला, आणि त्या आनंदातच त्याने बातम्या लावल्या.

बातम्या सांगणारी बाई बोलत होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होता, मागे द्राक्षांचे घड दिसत होते, आणि तिच्या तोंडून एक मऊ गुणगुण येत होती. शेजारच्या खोलीत कुणी उशीत तोंड घालून बोलावं तशी. त्याने आवाज वाढवला. गुणगुण मोठी झाली. शब्द झाले नाहीत. जाहिरात लागली तेव्हा ढोल छातीत वाजले, म्हणजे मशीन चालू होतं. त्याने मधल्या स्पीकरच्या वायरी काढल्या, पुन्हा सोलल्या, पुन्हा जोडल्या. मधल्याच्या वायरी डाव्याला लावल्या, डाव्याच्या मधल्याला. तीच गुणगुण. असला माल पाठवतात, त्याने मोठ्याने म्हटलं, आणि मोठ्याने म्हटल्यावर आपण फारच मोठ्याने बोललो हे त्याला कुणी सांगितलं नसतानाही कळलं. स्वयंपाकघराच्या दारात उज्वला उभी होती. ती म्हणाली, "येतोय की नीट आवाज." आणि म्हणून झाल्यावर ती पदराला हात पुसायला लागली, जे कोरडेच होते.

"तुला नीट येतोय?"

"म्हणजे... बरा येतोय."

"ती बाई काय म्हणतेय, सांग."

"द्राक्षांचं काहीतरी."

"काहीतरी नको. शब्द न् शब्द सांग."

उज्वला सांगू लागली. दिंडोरी तालुक्यात, म्हणाली, या आठवड्यात तोडणीला वेग आला असून मजुरांची टंचाई भासत आहे. गोरक्ष बायकोचा आवाज ऐकत होता आणि पडद्यावरच्या बाईचे ओठ बघत होता. दोन्ही जुळत होते. टंचाई म्हणताना तिथे दात दिसले आणि इथे टंचाई ऐकू आलं. घरात एक डब्यावर ठेवलेला माइक होता, त्याने ऐकलं होतं. एक कबूतर होतं, त्याने ऐकलं होतं. ही उभी होती, तिला ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं ते फक्त त्याला. वही अजून जमिनीवर उघडी होती आणि त्यावरचं दोनदा गिरवलेलं प्रश्नचिन्ह आता मूर्खासारखं दिसत होतं.

"अधिक दहा तू केलंस?"

"एकदम नाही केलं," उज्वला म्हणाली.

ती येऊन सोफ्यावर, माइकच्या डब्यांशेजारी बसली. चार वर्षं झाली, म्हणाली. तुम्ही सारखं विचारायचात, काय म्हणाला, काय म्हणाली, आणि मग चिडायचात, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून. एक दिवस तुम्ही अंघोळीला गेल्यावर मी एकाने वाढवलं. तुम्ही बाहेर येऊन बघत बसलात आणि दोन वेळा हसलात. मग पुन्हा विचारायला लागलात की पुन्हा एक. तुम्हीच तर शिकवलं होतं बटण. गोरक्षला शेंगा आठवल्या, ते 'हं, हं' आठवलं. त्याला राग आला, आणि राग आला याचं बरं वाटलं, कारण रागाला निदान हातपाय असतात.

"आणि मला सांगायचं नाही? चार वर्षं?"

"सांगून तुम्ही मान्य केलं असतं?"

तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "मी दादांना बघितलंय ना. शेवटी शेवटी त्यांना कुणी काही सांगायचंच बंद केलं होतं. तुम्हीसुद्धा. त्यांनी काय झालं विचारलं की तुम्ही म्हणायचात, जाऊ द्या दादा, काही नाही. मोठी सून बाळंत झाली तेसुद्धा त्यांना तिसऱ्या दिवशी पाळणा दिसल्यावर कळलं. ओट्यावर बसून हसायचे सगळ्यांकडे बघून. मला ते नको होतं तुमचं. म्हणून झाकली मूठ ठेवली. पण जुन्यात दहाच्या पुढे जाईना. म्हणून तर तेजलच्या मागे लागले."

दादा, म्हणजे गोरक्षचे वडील खंडेराव, सायखेड्याच्या ओट्यावर बसून हसत. भाजीच्या जुड्या बांधत आणि हसत. कुणी बोललं की आधी त्याच्या तोंडाकडे बघत, ते हसतंय का रागावलंय ते बघून त्याप्रमाणे आपलं तोंड करत. बहुतेक वेळा हसणंच सोयीचं पडे. जाऊ द्या दादा, काही नाही. हे वाक्य आपण किती वेळा म्हटलं असेल याचा गोरक्ष हिशेब करू लागला आणि त्याला तो करवेना. आणि त्या ओट्यावरून त्याचं मन एकदम, कुणी ढकलल्यासारखं, शेडमध्ये गेलं. बसका नाद. बसक्यातला बरा. काल, शुक्रवारी दुपारी, दोन नवी व्हीलं आली होती. त्याने दोन्ही वाजवली होती. दोन्हींवर अर्धा चंद्र काढला होता. आणि आज सुट्टी असली तरी तातडीचा माल जायचा म्हणून त्याच्या हाताखालचा लहानू एकटाच दुपारी शेड उघडणार होता. घड्याळात सव्वादोन झाले होते. गोरक्षने फोन लावला. घंटा वाजत राहिली, निदान वाजत असावी. कामाच्या वेळी लहानूचा फोन डब्याच्या पिशवीत असतो हे त्याला माहीत होतं. त्याने स्कूटरची किल्ली घेतली. उज्वलाने कुठे म्हणून विचारलं असेल, पण तो तिच्याकडे पाठ करून चपला घालत होता.

रस्ता मोकळा होता आणि तरी त्याला भीती वाटत होती. एक टेम्पो उजवीकडून अंगाला घासल्यासारखा पुढे गेला आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढून शिवी दिली. तोंडाच्या आकारावरून शिवीच होती. आजकाल लोक हॉर्न देत नाहीत, असं तो किती दिवस म्हणत होता! उन्हाळ्यात कोकिळा कमी झाल्या, असंही म्हणाला होता. पाहुण्यांसमोर म्हणाला होता. आणि उज्वला त्या वेळी पोह्यांवर खोबरं घालत, हो ना, म्हणाली होती. आता त्याला मध्येच एक जबडा दिसत होता, पांढऱ्या पट्टीत बांधलेला, आणि त्या जबड्यावरचे डोळे लहानूचे होते. लहानू दिंडोरीकडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. मशीनसमोर अगदी सरळ उभा राहतो, बाजूला उभा राहा म्हणून हजारदा सांगितलं तरी. देवा, एवढं होऊ देऊ नको, असं गोरक्ष म्हणाला. तो कधी देवाला असल्या कामाला लावत नसे.

शेडचं अर्धं शटर वर होतं. आत मशीन फिरत होतं. त्याची खालची घरघर त्याच्या पायांना कळली. लहानू समोर, अगदी सरळ. गोरक्ष वाकून आत गेला आणि भिंतीवरचा मेन बंद केला. व्हील हळूहळू मंदावत थांबेपर्यंत दोघंही उभे राहिले.

"काय झालं काका? सुट्टीचं कसं काय?"

"हे व्हील कोणतं?"

"कालचंच. तुम्ही वाजवलेलं."

"उतरव."

"हे चांगलं हाय काका."

"तुला काय माहीत चांगलं आहे? उतरव म्हणतो ना!"

लहानूने हातातलं फडकं मशीनवर ठेवलं. तो खाली बघत होता. "मी वाजवलं ना परत," तो म्हणाला. हे गोरक्षला पुरतं ऐकू आलं नाही, पण लहानूच्या तोंडावरून कळलं. आणि कळल्यावर त्याने विचारलं की दुसरं कुठे आहे. लहानूने फक्त पाण्याच्या पिंपामागे, कोपऱ्यात, पाहिलं. गोरक्षने जाऊन तिथलं गोणपाट बाजूला केलं. भिंतीला तोंड करून व्हीलं उभी लावून ठेवली होती. त्याने एक वळवलं: अर्धा चंद्र. दुसरं वळवलं: अर्धा चंद्र. सात होती. मागच्यांवरचा खडू धुळीने करडा झाला होता, शेवटचा कालचा, ताजा, पांढरा.

"दोन वर्षांतले हायेत," लहानू जवळ येऊन, त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून म्हणाला. तो नेहमी डावीकडेच उभा राहतो, हेही गोरक्षला आत्ता कळलं. "मालकाला सांगितलं, गाडीत दणके बसले. लय नाय निघत. वर्साला तीन-चार."

"मला का नाही सांगितलंस?"

"व्हील धरायचं कसं, टोला कुठं द्यायचा, समदं तुम्हीच शिकवलं मला. तुम्हाला काय सांगू मी?"

गोरक्ष पिंपाच्या कडेवर बसला. कुणाला काही झालं नव्हतं. त्याच्या हातापायांतली भीती उतरली आणि तिच्या जागी लाज भरली, आणि ती भीतीपेक्षा जड होती. दोन वर्षं हा माणूस आपल्यामागून पुन्हा टोले देत होता. घरी ती बटण दाबत होती. सगळे मिळून त्याला वाढवत होते, एकेका पायरीने, आणि तो मधे बसून नट नीट बोलत नाहीत म्हणत होता. दादांना निदान ठाऊक होतं. त्याने लहानूकडे हात पुढे केला आणि ताजा खडू असलेलं व्हील उचलून दिलं. "वाजव," म्हणाला. "मग मशीनवरचं उतरवून तेही वाजव. माझ्यासमोर." लहानूने दोन्ही वाजवली. गोरक्षला दोन्ही सारखीच ऐकू आली: बसकी, बरी. म्हणून त्याने ऐकणं सोडून लहानूच्या चेहऱ्याकडे बघितलं. एका वेळी त्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी भुवया किंचित आत आल्या, जसं दाताखाली खडा आल्यावर होतं तसं. गोरक्षने मग तेलकट सुताचा बोळा घेतला आणि सातही अर्धे चंद्र एकेक करून पुसले. सावकाश, कागद फाटणार नाही अशा बेताने. उठताना त्याने लाकडी मूठ लहानूच्या हातातच राहू दिली.

"उद्यापासून खूण तुझी," तो म्हणाला. "आणि मशीनसमोर सरळ उभा राहू नकोस, गाढवा. किती वेळा सांगायचं."

"मालकाला काय सांगायचं?"

"ते मी सांगतो."

घरी आला तेव्हा उज्वला तिथेच, माइकच्या डब्यांशेजारी बसली होती. बातम्यांतली बाई जाऊन दुसरा कुणी आला होता आणि तो गुणगुणत होता. काही झालं नाही, गोरक्ष म्हणाला. मग थांबून म्हणाला, "जाऊ दे, काही नाही असं नाही. सांगतो." आणि त्याने सगळं सांगितलं, सात व्हीलंसुद्धा. ती रडली नाही. तिने फक्त माइकची वायर गुंडाळून त्याचा नीट वेढा केला. मग त्याने रिमोट तिच्या हातात दिला. किती करू, तिने विचारलं. होतं तेवढंच, तो म्हणाला. ती बटण दाबू लागली. एक, ती म्हणाली, हे तेजलच्या साखरपुड्यानंतर. दोन, ही ती दिवाळी, पाहुण्यांची. तीन. हे तुम्ही माझ्यावर ओरडलात आणि जेवला नाहीत, तेव्हा. चार नि पाच एकाच महिन्यातले, तुम्हाला सर्दी होती, मला वाटलं सर्दीनेच असेल. सहा, सात. आठला ती थांबली आणि कधीचं ते आठवत नाही म्हणाली, पण आठवत असावं. नवाला पडद्यावरच्या माणसाच्या गुणगुणीतून एक शब्द सुटून बाहेर आला, मग दुसरा. दहावा गेल्याच महिन्यातला होता. गोरक्ष पडद्याकडे बघत होता. पट्टी टेकली नव्हती. पुढे थोडी जागा होती.

"हे बारापर्यंत जातं," तो म्हणाला. "पुढचे दोन मला सांगून वाढव."